बिडाची कढई भंगारात देण्याआधी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत भंगारवाला आला, तेव्हा शेजारच्या काकूंनी घरातली बिडाची कढई त्याच्या तराजूत टाकली. सासूच्या हातची कढई. जाड, काळीकुट्ट, दोन कानांची, एका हातानं न उचलणारी. "घासता घासता हात मोडतात हो सिस्टर. आणि पाहुणे आले की चुलीपाशी ते काळं भांडं दिसतं, लाज वाटते," काकू म्हणाल्या. किलोच्या भावानं पैसे मिळाले, त्यात थोडे घालून त्यांनी नॉनस्टिकचा तवा आणला. मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरातलं भांडं ठेवायचं की काढायचं, त्यात मी काय बोलणार, असं वाटलं.

चार दिवसांनी माझ्या ट्रेनिंगच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघींनी नर्सिंगचा डिप्लोमा एकाच वर्षी केला. मी सरकारी दवाखान्यात लागले आणि पुढे नोकरी सोडून वस्तीच्या कामात आले. ती परदेशी गेली. आता अमेरिकेच्या दक्षिणेला लुईझियाना राज्यात लाफाएत नावाच्या शहरात नर्स आहे. त्या दिवशी ती घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभी होती. मालकीण म्हातारी, ऐंशीच्या पुढची. समोर शेगडीवर हुबेहूब काकूंच्या कढईसारखं काळं भांडं, फक्त बूड सपाट आणि वर जड झाकण. मैत्रीण सांगत होती, हे भांडं म्हातारीच्या आजीचं आहे आणि ते आपल्याला मिळावं म्हणून नातवंडांत आतापासून कुरबुर चालू आहे. घर कोणाला, जमीन कोणाला हे ठरलंय. भांड्याचं ठरत नाही.

मला हसू आलं आणि मग काकूंच्या कढईचं वाईट वाटलं. तेव्हापासून या लोकांच्या जेवणाबद्दल जे मिळेल ते मी वाचत गेले, मैत्रिणीला विचारत गेले. आपल्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून या पानावर लिहिते आहे.

या लोकांना केजन म्हणतात. मूळचे फ्रेंच शेतकरी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आज नोव्हा स्कोशिया म्हणतात तिथे, अकेडिया नावाच्या मुलखात, त्यांची वस्ती होती. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना हुसकावून लावलं, घरं जाळली, हजारो लोकांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. त्यातले बरेच १७६५ च्या सुमारास लुईझियानाच्या दलदलीत येऊन राहिले. अकेडियनचा अपभ्रंश होत होत केजन झाला. पुढे दीडशे वर्षांनी तिथंही त्यांची भाषा नको झाली. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली आणि शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा व्हायला लागली. आपली बोली बोललं की मागे बसवणारे मास्तर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील.

त्यांचं रोजचं जेवण म्हणजे भात आणि रस्सा. हॉटेलात मिळणारी तिखटजाळ केजन डिश वेगळी, घरचं वेगळं. स्वस्तातलं, चिवट मांस घ्यायचं, बिडाच्या भांड्यात तळाला चिकटेपर्यंत खरपूस परतायचं, कांदा, सेलरी नावाची देठांची भाजी आणि ढोबळी मिरची घालायची, पाण्याचा हबका मारून तळाची खरवड सोडवायची आणि झाकण ठेवून दोन-तीन तास मंद आचेवर सोडून द्यायचं. त्या खरवडीचाच रस्सा. दुसरी गोष्ट रू. मैद्याचं पीठ तेलात किंवा चरबीत घालून सतत हलवत भाजायचं, अगदी चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत. पाऊण तासही लागतो आणि मध्ये हात थांबला की जळतं. मराठवाड्यातल्या वाचकांना येसर माहीत आहे. भाजलेल्या पिठानं रस्सा दाट करायची तीच युक्ती, आणि गरिबाच्या घरची गरजही तीच, थोडं मांस, खाणारी तोंडं दहा.

या रूवर त्यांचं सगळ्यात नावाजलेलं कालवण उभं राहतं, त्याचं नाव गंबो. आणि गंबो म्हणजे मुळात काय, तर आपली भेंडी. आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला जे नाव आहे त्यावरून हा शब्द आला. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी भेंडीचं कालवण तिथं रुजवलं. त्यात घालतात ती सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड तिथल्या मूळनिवासी चोक्टॉ लोकांची. म्हणजे नाव झालं केजन लोकांचं आणि क्रिओल लोकांचं, पण मोठ्या घरांतल्या चुलीपुढे पिढ्यानपिढ्या उभ्या राहिल्या काळ्या बाया. त्यांची नावं बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवली नाहीत.

बिडाच्या भांड्याचीही तिथं एक दुसरी बाजू आहे. लुईझियाना उसाचा मुलूख. उसाचा रस उकळायला माणूस बसेल एवढ्या बिडाच्या कढया ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि गुलाम माणसं रात्रंदिवस एका कढईतून दुसऱ्या कढईत उकळता रस पळ्यांनी ओतत राहायची. भाजणं हे रोजचंच. हे थांबवण्याचा शास्त्रीय मार्ग शोधला तो न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी. आई काळ्या समाजातली स्वतंत्र स्त्री, वडील गोरे. रिलियू यांनी १८४३ साली बंद भांड्यांत, एका भांड्याच्या वाफेवर दुसरं भांडं तापवून रस आटवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही रस आटतो तो याच तत्त्वावर. किती कारखान्यांच्या फाटकाशी त्यांचं नाव आहे, ते मला विचारू नका.

आणखी एक गोष्ट वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. गुलाम माणसं मालकाला चोरून रात्री प्रार्थनेला जमायची, तेव्हा झोपडीच्या दाराशी लोखंडी भांडं पालथं घालून ठेवायची. आवाज त्या भांड्यात अडकतो, बाहेर जात नाही, असा त्यांचा समज होता. गुलामीतून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांनी १९३० नंतरच्या दशकात मुलाखतींतून हे सांगून ठेवलं आहे. भांड्यानं आवाज अडत नाही, हे त्यांनाही कळत असेल. पण दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

आता ज्या जेवणाला गावंढळ म्हणून हिणवत होते, त्याचे दिवस कसे फिरले तेही सांगते. पॉल प्रूडोम नावाचे आचारी, तेरा भावंडांतले धाकटे, गरीब घरातले. त्यांनी १९७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल काढलं आणि मसाला लावलेला मासा तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर काळा होईपर्यंत भाजून द्यायला सुरुवात केली. देशभर त्याची एवढी हवा झाली की तो मासा समुद्रातून संपतो की काय अशी वेळ आली आणि सरकारला मासेमारीवर बंधनं घालावी लागली. त्याच शहरात लिया चेज या काळ्या समाजातल्या बाईंचं हॉटेल होतं. २०१९ साली वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या. नागरी हक्कांच्या लढ्यातली माणसं, मार्टिन ल्यूथर किंगसुद्धा, त्यांच्या टेबलाशी बसून गंबो खात खात बैठका घेत. काळ्या-गोऱ्यांनी एका ठिकाणी बसून जेवणं तेव्हा तिथं कायद्याविरुद्ध होतं. त्या वाढत राहिल्या.

आपल्याकडे काय झालं? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून आपल्या आज्यांच्या चुलीवरचं अन्न पहिल्यांदा मान ताठ ठेवून छापलं, त्यालाही आता दहा वर्षं झाली. पण वस्तीत मी बघते, घर जरा सावरलं की आधी ते अन्न जातं आणि मग ते भांडं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. ते सोडलं हे उत्तमच झालं. पण बाजारातून विकत आणलेली ताजी कलेजी, वजडी, पाया यांचीही आपण त्याच यादीत भर घातली. का, तर शेजारी काय म्हणतील. रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या माझ्यासारखीला हे बघवत नाही, कारण शरीराला सगळ्यात सहज लागतं ते लोह मांसातलं आणि कलेजीतलं. बैलाचं मटण तर २०१५ च्या कायद्यानं बंद झालं. गरिबाच्या ताटातून स्वस्त प्रथिनं गेली, त्याबद्दल कोणत्याही आरोग्य खात्यानं हळहळ व्यक्त केलेली मी ऐकली नाही.

तर लोहाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, गरोदर बाईचं ११ च्या खाली. वस्तीत ८-९ वाल्या बायका धुणीभांडी करून, पाण्याचे हंडे उचलून परत घरचा स्वयंपाक करतात आणि विचारलं तर म्हणतात, "काही नाही सिस्टर, थोडा दम लागतो."

बिडाच्या किंवा साध्या लोखंडाच्या भांड्यात शिजवलं की लोखंडाचा अंश अन्नात उतरतो, हे आपल्या आज्यांनी न मोजता ओळखलेलं. शास्त्रज्ञांनी मोजलं. अमेरिकेत १९८६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात टोमॅटोची चटणी लोखंडी भांड्यात शिजवल्यावर १०० ग्रॅमला अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमवरून साडेपाच मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं. सफरचंदाचा आंबट लगदा तर सात मिलिग्रॅमच्या वर. त्याहून महत्त्वाचा अभ्यास इथिओपियातला, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची. वर्षभरानं लोखंडी भांड्यात जेवणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन दुसऱ्या मुलांपेक्षा सरासरी १.३ ग्रॅमनं जास्त वाढलेलं होतं. आपल्या वस्तीत जर्मलची पातेली किती आणि लोखंडी भांडी किती, एकदा मोजून बघा.

भांडं नवं असेल, पदार्थ आंबट आणि पातळ असेल, जास्त वेळ शिजला असेल तर लोह जास्त उतरतं. चिंच घातलेली आंबट चुका-पालकाची भाजी, टोमॅटोचं सार, कढीगोळे हे कढईत शिजवा. नुसतं अंडं तळून फार काही मिळत नाही. आणि भाजीपाल्यातलं आणि भांड्यातलं लोह शरीर थोडंच घेतं, म्हणून ताटात लिंबाची फोड हवी आणि जेवणावर लगेच चहा नको. चहानं ते लोह आतड्यातच अडकतं. जेवून तासाभरानं प्या. हे एवढं एक जरी केलंत तरी माझं पान लिहिल्याचं सार्थक झालं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, सिस्टर आता घरोघरी कढया वाटणार. बारा वर्षांपूर्वी मी अगदी तेच करत होते, आणि त्यात एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही.

नागपूरच्या एका वस्तीत चौदा वर्षांची मुलगी होती. हिमोग्लोबिन ७ च्या आसपास. मी तिच्या आईला लोखंडी कढई आणायला लावली, गूळ-शेंगदाणे सांगितले, लोहाच्या गोळ्या सुरू करून दिल्या. तीन महिन्यांनी तपासलं तर तेवढंच. मी आईलाच रागावले. "तुम्ही गोळ्या फेकून देता," म्हणाले. आई रडली, "नाही हो सिस्टर, माझ्या हातानं देते." मुलगी सांधे दुखतात म्हणायची, ते मी थंडीवर ढकललं. डोळे पिवळट दिसायचे, ते काविळीवर. एका थंडीच्या रात्री हातापायांच्या कळांनी ती किंचाळत दवाखान्यात आली. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं सिकलसेलची तपासणी करायला लावली. दोन्हीकडून सिकल, म्हणजे आजार, नुसती वाहक नव्हे. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये जसा आहे तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे. मी याच समाजातली, शिकलेली नर्स, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

कढईनं त्या मुलीला काही केलं नाही. माझ्या खात्रीनं केलं. तिच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर फुटत होत्या म्हणून हिमोग्लोबिन कमी होतं, लोह कमी पडलं म्हणून नव्हे. सिकलच्या पेशंटला वारंवार रक्त द्यावं लागलं तर लोह उलट अंगात साठत जातं आणि काळजाला, यकृताला इजा करतं. अशा पेशंटनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घ्यायची नाही. काहींना लोहाची कमतरताही असते, पण ते रक्त तपासूनच ठरवायचं. नुसता वाहक असेल, ज्याला आपण सिकल ट्रेट म्हणतो, त्यानं नेहमीसारखं जेवावं, कढईतलं खुशाल खावं. पण लग्न ठरवताना दोघांची तपासणी झालेली असावी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता आजाराची.

लुईझियानाची गोष्ट इथं पुन्हा जोडली जाते. गंबोत भेंडी घालणारी माणसं ज्या आफ्रिकेतून आणली गेली, तिथं सिकलसेल होता. अमेरिकेतल्या काळ्या समाजात आजही साधारण तेरातला एक जण वाहक असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरनं १९१० साली पहिल्यांदा कोयत्याच्या आकाराच्या पेशी नोंदवल्या, तरी साठ वर्षं कोणी विशेष पैसा खर्च केला नाही, कारण पेशंट काळे होते. मग १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षानं स्वतःचे दवाखाने काढून वस्त्यावस्त्यांत सिकलची मोफत तपासणी सुरू केली, टेबल-खुर्ची टाकून, बोटाला टोचून. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, नाव त्यांच्यावरूनच घेतलं. नाव घेतलं, आवाज घेतला. तपासणीचं टेबल घ्यायचं राहिलं, असं मला नर्स म्हणून वाटतं. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू व्हायला २०२३ उजाडलं. अभियान आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या. प्रत्येक विहारात वर्षातून एकदा तपासणीचं शिबिर भरायला हवं. जयंतीच्या डीजेचे अर्धे पैसे त्याला पुरतील. हे बोलले की मंडळाची पोरं माझ्यावर रागावतात. रागावू द्या.

केजन लोकांचं सगळंच उचलण्यासारखं नाही, हेही स्पष्ट सांगते. माझी मैत्रीण हृदयविभागात काम करते. रक्तदाब, साखर, लठ्ठपणा, हृदयविकार यांत लुईझियाना अमेरिकेतल्या वाईट राज्यांत मोडतं. त्यांच्या कालवणात खारवून धुरावलेलं डुकराचं मांस पडतं, रूमध्ये वाटीवाटीनं तेल जातं, वर भाताचा ढीग. दिवसभर दलदलीत, शेतात, बोटीवर राबणाऱ्या अंगाला ते जिरत होतं. आता माणूस गाडीतून उतरत नाही आणि जेवण मात्र पणजोबांचं. आपली सावजी तर्री आणि तिच्यावर तरंगणारं बोटभर तेल काही वेगळं नाही. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचं, सुकट, खारे दाणे धरून. कढई आणा, तेलाचं पातेलं आणू नका.

आता भांड्याबद्दल दोन शब्द, कारण बायका मला हेच जास्त विचारतात.

नवी बिडाची कढई घासून, चुलीवर पूर्ण कोरडी करून, आतून-बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर येईपर्यंत तापवायची. गार झाली की पुन्हा तेच. चार-पाच वेळा केलं की तेल जळून त्याचा काळा, गुळगुळीत थर लोखंडाला धरतो. लुईझियानातल्या म्हातारीचं भांडं नातवंडांना हवंय ते या थरासाठी, शंभर वर्षांत तो आपोआप चढत गेलाय. तारेच्या घासणीनं खरवडलं की तो जातो आणि मग सगळं चिकटायला लागतं, काकूंचे हात मोडत होते ते त्यामुळे. नारळाची शेंडी किंवा कापड पुरतं. थोडा साबण लागला तरी बिघडत नाही. धुऊन झालं की लगेच आचेवर सुकवायची, ओली पालथी घालायची नाही. आंबट भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते आणि लोखंडाचा वास मारते.

गंज चढला म्हणून फेकू नका. (नागपूरकरांनो, भात शिजवायचा गंज नव्हे, लोखंडावरचा गंज.) घासा, तापवा, तेल लावा, कढई पुन्हा उभी राहते. गंजानं धनुर्वात होतो असं पुष्कळजणी मला सांगतात. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात आणि जखमेतून अंगात शिरतात, गंजलेल्या कढईतल्या भाजीतून नाही. आणि शनिवारी लोखंड घरात आणू नये, असं आपल्याही काही घरांत अजून पाळतात हे बघून मला नवल वाटतं. पगार शनिवारी झाला तर शनिवारीच आणा.

एका गोष्टीत मात्र जपा. भंगारबाजारातलं कोणाचं तरी जुनं बिडाचं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका. अमेरिकेत जुनी भांडी जमवणारे लोक शिसं तपासून घेतात, कारण मासेमारीच्या गळाची वजनं आणि बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक अशाच भांड्यांत शिसं वितळवायचे. शिसं मुलांच्या मेंदूत जातं. आपल्या आजीची कढई आपल्याला माहीत असते. अनोळखी कढईचा इतिहास कोणाला माहीत?

आणि केजन घरांतही सगळं बिडाचंच असतं असं समजू नका. मॅग्नलाइट नावाची जाड ओतीव ॲल्युमिनियमची पातेली तिथं तितकीच जिवाभावाची आहेत, लग्नात देतात. मैत्रीण म्हणाली, भात त्यात आणि रस्सा बिडात. तुम्हीही घरातलं सगळं जर्मल काढून टाकू नका, परवडणारही नाही. एक कढई पुरे, आणि भाकरीचा तवा लोखंडाचाच ठेवा.

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी राजमा-भात करायची रीत आहे. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, बायांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नसायचा, म्हणून राजमा सकाळी चुलीवर चढवून ठेवायचा. लुई आर्मस्ट्राँग हे जगप्रसिद्ध काळे वादक, त्याच शहरातल्या गरीब वस्तीत वाढलेले, पत्राखाली सही करतानासुद्धा या राजमा-भाताचं नाव घालत. आपल्याला हे सहज जमेल. पाव किलो राजमा रात्री भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या. कुकरला भरपूर शिट्ट्या काढून पूर्ण मऊ करा, कारण अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो, उलट्या होतात. मग बिडाच्या कढईत दोन चमचे तेलावर कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि दोन-तीन टोमॅटो परतून त्यात राजमा ओता आणि वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर राहू द्या. पळीच्या पाठीनं थोडे दाणे चेचले की रस्सा आपोआप दाटतो, पिठाची आणि तेलाची गरज पडत नाही. मीठ शेवटी, चाखून. लिंबू पिळून भाताबरोबर.

गरोदर बायांनी मात्र कढईच्या भरवशावर गोळी सोडू नये. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, १८० दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मिळत नसेल तर भांडा. संडास काळी होते, त्याला घाबरू नका. आणि गोळी घेऊनही दोन-तीन महिन्यांत रक्त वाढत नसेल तर बाईला रागावू नका, माझ्यासारखं. सिकलची तपासणी मागा. तपासणीचं सामान नाही असं सांगितलं तर कधी येणार ते लिहून मागा.

ती मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे, औषधावर आहे, पाणी भरपूर पिते, थंडीत जपते, एका दुकानात हिशेब बघते. तिची आई त्या लोखंडी कढईत अजून भाजी करते. मला भेटली की चिडवते, "सिस्टर, तुमची कढई चालू आहे बरं."

शेजारच्या काकूंना मी राजमा नेऊन दिला तेव्हा त्यांनी भांडं ओळखलं. माझ्या आईची कढई. आता रविवारी त्या ती मागून नेतात आणि परत करताना आतून तेलाचा हात फिरवलेला असतो. त्यांच्या धाकट्या सुनेला सातवा महिना लागलाय, हिमोग्लोबिन ९ आहे आणि सिकलची तपासणी अजून झालेली नाही. येत्या मंगळवारी मी तिला घेऊन जाते आहे.